रुळावर काम करताना माणूस गेला, तर भरपाई कोण देणार?

कागद-पेन जवळ घेऊन बसा, आज आकडे आहेत. पोरं झोपली असतील तर बरंच, कारण विषय मरणाचा आहे.

आम्ही मीरा-भाईंदरच्या बायका. आमचं अख्खं शहर रेल्वेच्या रुळांना धरून वाढलं. पहाटेच्या पहिल्या लोकलपासून रात्रीच्या शेवटच्या लोकलपर्यंत आमचा दिवस गाडीच्या वेळेवर चालतो. पण शेवटची गाडी गेल्यावर रुळांवर जी माणसं उतरतात, ती आम्हाला क्वचितच दिसतात. खडी भरणारे, स्लीपर बदलणारे, पॉइंट दुरुस्त करणारे, सिग्नलच्या पेट्या उघडून बसणारे. त्यातले काही रेल्वेचे कायम नोकर, आणि बरेचसे कंत्राटदाराची माणसं. कंत्राटदाराची माणसं येतात कुठून? जव्हार-मोखाड्यातून, मराठवाड्यातून, खानदेशातून. म्हणजे तुमच्या गावातून, तुमच्या घरातून. म्हणून हे बोलणं शहरातल्या बायकांपेक्षा तुमच्यासाठी जास्त आहे.

२२ जानेवारी २०२४, सोमवार. भाईंदरहून खाडीचा पूल ओलांडला की नायगाव लागतं, त्यापुढं वसई रोड. या दोन स्टेशनांच्या मध्ये सिग्नलच्या पॉइंटमध्ये बिघाड झाला. तो काढायला सिग्नल खात्याचे तीन कर्मचारी रुळावर उतरले. त्यातले एक भाईंदरला नेमणुकीवर असलेले मुख्य सिग्नल निरीक्षक. रात्री नऊच्या सुमारास चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल आली आणि तिघेही गेले.

पश्चिम रेल्वेनं तातडीची मदत म्हणून प्रत्येक घराला ५५,००० रुपये दिले. पुढं मिळणाऱ्या रकमा धरून दोन कुटुंबांना सुमारे ४० लाख आणि तिसऱ्या, वरिष्ठ कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला सुमारे १ कोटी २४ लाख रुपये मिळतील असं जाहीर केलं. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, विमा हेही असतं. कायम नोकराच्या घरात अनुकंपेवर नोकरीसाठी अर्जही करता येतो. पैशानं माणूस परत येत नाही हे खरं, पण पोरांची फी माणूस गेल्यावरही भरावीच लागते.

ही बातमी ऐकून काही महिन्यांनी एक ताई आमच्याकडे आल्या. जव्हार तालुक्यातल्या. नवरा तीस वर्षांचा, रुळाच्या कामावर, कंत्राटदाराकडे. सहाशे रुपये रोज. रात्रीच्या कामात गाडीनं उडवलं. घरात दोन लहान मुलं आणि विधवा सासू. ताईंच्या पिशवीत एक स्टॅम्प पेपर होता. मुकादम तो गावात घेऊन आला होता. त्यावर टाइप केलेलं होतं की माणुसकीच्या नात्यानं दोन लाख रुपये मिळाले, आता माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही, पुढं काही मागणार नाही. खाली अंगठ्यासाठी जागा. अंगठा अजून उमटला नव्हता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "थांब गं, आधी कुणाला तरी वाचायला दे." त्या सासूबाईंना आमचा नमस्कार.

ताईंनी विचारलं, "वहिनी, चूक त्याचीच होती म्हणतात. गाडी येत असताना बाजूला झाला नाही. मग आपण मागायचं कुठल्या तोंडानं?"

आम्ही बोलतोय ते या प्रश्नासाठी. कारण नव्वद टक्के बायका इथंच अडतात. हा नव्वदचा आकडा आमचा अंदाज आहे, सरकारी नाही!

पूर्वी खरंच असं होतं की चूक सिद्ध करावी लागायची. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, आणि तीनच वर्षांत बोरघाट फोडायला सुरुवात झाली. खंडाळ्याच्या त्या चढणीवर सुरुंग, दरडी आणि पटकी यांनी हजारो मजूर मेले. त्या कामाचा इंग्रज कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथं आल्या आल्या आजारानं वारला. त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट सोडलं नाही, इंजिनीअर हाताशी धरून काम पुढं नेलं, आणि १८६३ साली घाट सुरू झाला. बाईच्या हिमतीचं कौतुक करावं तेवढं थोडं. कंत्राटदाराच्या विधवेचं नाव इतिहासात आहे. मेलेल्या मजुरांच्या विधवांपैकी एकीचंही नाव आम्हाला कुठं सापडलं नाही. त्या काळी १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा होता. त्यात मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी कोर्टात जाऊन दुसऱ्याचा निष्काळजीपणा दाखवून द्यायचा होता. घाटातल्या बिगाऱ्याची बायको ते कुठून दाखवणार?

मग १९२३ साली वेगळ्या विचाराचा कायदा आला. कामगार नुकसानभरपाई कायदा. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. २०१० पासून त्याचं नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं. त्यातला विचार सोपा आहे. ज्याच्या कामातून फायदा होतो, त्यानं त्या कामातला धोकाही उचलायचा. अपघात कामातून आणि काम चालू असताना झाला, एवढंच दाखवायचं. मालकाची चूक दाखवायची गरज नाही.

आणि मेलेल्याची चूक? दारू प्यायला होता, मुद्दाम नियम मोडला, सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं, अशी तीन कारणं कायद्यात मालकाच्या बाजूनं आहेत खरी. पण ती फक्त जखमेच्या वेळी चालतात. माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला, तर यातलं एकही कारण भरपाई नाकारायला चालत नाही. हे वाक्य परत वाचा आणि गटात मोठ्यानं वाचून दाखवा. "बाजूला झाला नाही" हे तर त्या तीन कारणांतही बसत नाही. सकाळपासून घमेली वाहिलेल्या माणसाला रात्री गाडीचा आवाज कळला नाही, तर तो त्या कामातलाच धोका झाला.

अमेरिकेत उलट रीत आहे, गंमत म्हणून सांगतो. तिथं रेल्वे कामगारांसाठी १९०८ चा वेगळा कायदा आहे. त्यात कंपनीचा थोडा तरी निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण तो दाखवला की रक्कम ज्यूरी ठरवते, तक्ता नाही. आपल्याकडे चूक दाखवायची नाही, पण रक्कम तक्त्यानं बांधलेली. कुठली रीत बरी यावर आमच्यात वाद झाला. एकीचं म्हणणं, तक्ता म्हणजे माणसाची किंमत. दुसरी म्हणाली, वकिलाला द्यायला पैसे नसलेल्या बाईला तक्ताच बरा. आम्ही दुसरीच्या बाजूनं आहोत.

आता कोणाकडं मागायचं. इथं खरी गुंतागुंत आहे.

ताईंचा नवरा मुकादमाच्या हाताखाली. मुकादम एका छोट्या ठेकेदाराचा. त्या ठेकेदाराला काम दिलं मोठ्या कंत्राटदारानं. आणि मोठ्या कंत्राटदाराला रेल्वेनं. अपघात झाल्यावर मुकादमाचा फोन बंद, ठेकेदार म्हणतो माझ्याकडं हजेरीच नाही, मोठा कंत्राटदार म्हणतो मी ह्या माणसाला ओळखत नाही. कायदा करणाऱ्यांना हे १९२३ सालीच ठाऊक होतं. म्हणून कायद्याच्या १२ व्या कलमात मूळ मालक अशी कल्पना आहे. एखाद्यानं आपल्या धंद्याचं नेहमीचं काम कंत्राटानं दुसऱ्याकडून करून घेतलं, आणि त्या कामाच्या जागी मजुराला अपघात झाला, तर जणू तो आपलाच नोकर आहे असं धरून मूळ मालकानं भरपाई द्यायची. नंतर ती कंत्राटदाराकडून वसूल करायची की नाही, हे त्या दोघांनी बघून घ्यावं. विधवेनं कंत्राटदाराला शोधत हिंडायचं नाही.

रूळ नीट ठेवणं हे रेल्वेचं नेहमीचं काम आहे, यात काय शंका? म्हणून अर्ज करताना ठेकेदार, मोठा कंत्राटदार आणि रेल्वे या सगळ्यांना पक्षकार करायचं. बऱ्याच कंत्राटदारांनी कामगारांचा विमा उतरवलेला असतो. ते कळलं तर विमा कंपनीलाही घ्यायचं. एकच नाव घालून अर्ज केला आणि तोच गायब झाला, तर वर्षं फुकट जातात.

रेल्वेच्या स्वतःच्या ट्रॅकमन, गँगमन, सिग्नलवाल्यांनाही हाच कायदा लागू होतो. कायम कचेरीत बसून काम करणारे तेवढे त्यातून वगळले आहेत. आणि रेल्वे दावा न्यायाधिकरण म्हणून जे कोर्ट ऐकता, ते मुख्यतः गाडीतल्या प्रवाशांसाठी. रुळावर काम करताना गाडीनं उडवलं तर तिकडं जाऊ नका. एक बाई तिकडं दीड वर्ष घालवून आली होती.

अजून एक. पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर रस्ता वेगळा. मग भरपाई ईएसआय महामंडळाकडून, दर महिन्याला पेन्शनसारखी मिळते आणि या कायद्याखाली परत मागता येत नाही. पगाराची चिठ्ठी असेल तर आधी ते बघा. नवऱ्याची बांधकाम कामगार म्हणून मंडळाकडं नोंदणी असेल, तर मंडळाचं अर्थसहाय्य भरपाईशिवाय वेगळं मिळतं. तो अर्जही सोडू नका.

काम चालू असताना म्हणजे नक्की कधी? ८ मे २०२० ची पहाट आठवते का? लॉकडाऊनमध्ये जालन्याच्या पोलाद कारखान्यांतले मजूर मध्य प्रदेशात घरी निघाले होते. करमाडजवळ थकून रुळावरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. भाकऱ्या रुळांवर पसरलेल्या, तो फोटो आम्ही अजून विसरलो नाही. सरकारनं मदत जाहीर केली, पण ती मदत होती. काम बंद पडल्यावर घरी निघालेला माणूस या कायद्यानं कामावर धरला जात नाही. कायद्याची भिंत इथं किती कोरडी आहे, ते कळावं म्हणून सांगितलं.

पण कामावर जाताना? धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातला रात्रपहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला. कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. घरी बायको, मुलं, आई. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज दिलं. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. २०११ साली तिथं निकाल फिरला. म्हणे, माणूस अजून कारखान्यात पोचला नव्हता. ती विधवा थांबली नाही. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिचा हक्क परत दिला. घर ते काम या प्रवासाचा कामाच्या वेळेशी आणि जागेशी संबंध दिसत असेल, तर तो अपघात कामातलाच धरायचा, असं सांगितलं. बावीस वर्षं! आमच्यापैकी एकीनं हे ऐकून डोळे पुसले, दुसरी चिडून म्हणाली, व्याजासकट नीट मोजून घेतलं असेल ना तिनं?

आता कायदाही बदललाय, तेवढं लिहून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विरला. त्या तारखेच्या आधीच्या अपघाताला जुना कायदा, नंतरच्याला संहिता. आयुक्ताच्या जागी तिथं सक्षम प्राधिकारी म्हणतात. मालकाची जबाबदारी, कंत्राटदाराच्या वरच्या मालकाची जबाबदारी आणि खालचं गणित, हा गाभा तोच आहे. घरून कामावर जाता-येतानाचा अपघात तर संहितेत स्पष्टच लिहिलाय.

गणित असं. महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला वयाच्या आकड्यानं गुणायचं. तो आकडा कायद्याच्या तक्त्यात आहे. पंचविशीला २१६.९१, तिशीला २०७.९८, चाळिशीला १८४.१७, पन्नाशीला १५३.०९. जितकं वय कमी, तितका आकडा मोठा. पगार कितीही असला तरी गणितात जास्तीत जास्त १५,००० धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची. त्याआधी ती ८,००० होती.

ताईंच्या नवऱ्याचं करू. सहाशे रोज, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे १५,६००. मर्यादेमुळं १५,००० धरायचे. निम्मे ७,५००. गुणिले २०७.९८. होतात १५,५९,८५० रुपये. शिवाय अंत्यसंस्काराचे निदान ५,०००. मुकादमाच्या स्टॅम्प पेपरवर किती होते? दोन लाख.

हिशेब ऐकून ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं तो देतोय ते उपकारच आहेत."

इथं एक चोरवाट असते. कंत्राटदार कागदावर पगार ८,००० दाखवतो. मग निम्मे ४,०००, आणि भरपाई ८,३१,९२० वर येते. एका खोट्या आकड्यानं सात लाखांच्या वर उडाले. म्हणून रोज किती मिळत होता याचा पुरावा जपायचा. बँकेत जमा झालेले पैसे, फोनवरचे व्यवहार, सोबतच्या मजुरांचे जबाब. आणि काहीच नसलं तरी सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनाचा आधार घेता येतो.

भरपाई अपघात झाला की लगेच देणं लागू होते. महिन्याभरात जमा केली नाही तर जुन्या कायद्यात वर्षाला १२ टक्के व्याज. ताईंच्या रकमेवर हे व्याजच वर्षाला १,८७,१८२ होतं. शिवाय उशिराचं कारण पटलं नाही तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड, आणि तो दंडही घरच्यांनाच मिळतो. म्हणून "घाई करू नका, साहेब बघतायत" असं कोणी म्हटलं तर घाबरू नका. त्यांच्या उशिरानं तुमची रक्कम वाढते. मात्र अर्ज करायला तुम्ही उशीर करू नका. मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा.

स्टॅम्प पेपरचं काय? मृत्यूची भरपाई मालकानं परस्पर हातात दिली तर ती भरपाई धरलीच जात नाही. ती आयुक्तांकडं जमा करायची असते. मालक घरच्यांना आगाऊ देऊ शकतो, पण तीन महिन्यांच्या पगाराएवढंच. तेवढं नंतर वळतं होतं. आणि "पुढं काही मागणार नाही" असा करार कायद्यानं रद्द आहे. म्हणजे एखादीनं अंगठा दिलाच असेल, तरी दार बंद झालेलं नाही. रडत बसू नका, तो कागद घेऊन या.

ज्यांच्या घरी उचल घेतलेली असते, त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं. मुकादम म्हणतो, "त्याच्या अंगावर चाळीस हजार उचल होती, ती कापून देतो." नाही कापता येत. या भरपाईवर जप्ती येत नाही, ती कोणाच्या नावे लिहून देता येत नाही, तिच्यातून दुसरं देणं वळतं करता येत नाही. सावकार असो की कर्जाची वसुलीवाली कंपनी, या पैशावर हात नाही. देणं असेल तर ते वेगळं बघू.

वाटणीवरून घरात भांडणं होतात तेही आम्ही पाहिलंय. सुनेला वाटतं सासू सगळं घेईल, सासूला वाटतं सून माहेरी घेऊन जाईल. कायद्यात विधवा, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई या चौघांचा हक्क आहे. वाटा कोणाला किती, ते आयुक्त ठरवतात. लहान मुलांचा भाग सहसा बँकेत ठेवतात. म्हणून सासू-सुनेनं एकाच अर्जावर एकत्र यावं. दोघींचे दोन वकील झाले की कंत्राटदार खूश.

अर्ज कुठं करायचा, तर अपघात जिथं झाला तिथं, किंवा तुम्ही जिथं राहता तिथं. मुंबईला खेटे घालायची सक्ती नाही. महाराष्ट्रात हे काम बऱ्याच ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश बघतात, काही जिल्ह्यांत वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश. वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

आणि पहिल्या आठवड्याची गोष्ट. सगळा दावा पुढं त्या आठवड्यातल्या कागदांवर उभा राहतो. रुळावर माणूस मेला की लोहमार्ग पोलीस पंचनामा करतात. मुंबईच्या लाईनवर रूळ ओलांडताना रोज माणसं मरतात. डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीनं २०१२ साली देशात वर्षाला सुमारे १५,००० असा आकडा दिला होता, त्यातले सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर. त्याच अहवालात होतं की साधारण पाच वर्षांत रेल्वेचे सुमारे १,६०० कर्मचारी कामावर मेले. कंत्राटी मजूर गेला आणि कोणी काही बोललंच नाही, तर तो सहज त्या पहिल्या ढिगात जातो. कागदावर "रूळ ओलांडताना" असं येतं. मग कंत्राटदार म्हणतो, तो आमचा नव्हताच, वाटेनं चालला होता.

म्हणून घरच्यांपैकी जो पोचेल त्यानं पोलिसांना सांगायचं की हा कामावर होता, अमुक मुकादमाकडं, आणि तसा जबाब लिहून घ्या. सोबतच्या दोन मजुरांची नावं, नंबर, गाव लगेच टिपा. काम संपलं की ते दुसऱ्या साइटवर जातात आणि मग सापडत नाहीत. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, अकस्मात मृत्यूच्या नोंदीची प्रत मागा. हजेरी कार्ड, गेटपास, ओळखपत्र, फोनमधले कामाच्या जागेचे फोटो, मुकादमाचे आवाजाचे मेसेज काहीही पुसू नका. नवऱ्याचा फोन विकू नका. दिवसकार्य झालं की घरातले पुरुष पहिला फोनच विकतात, आम्ही बघितलंय.

ताईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. पोलिसांच्या कागदावर रूळ ओलांडताना धडक, एवढंच. फोन विकलेला. हजेरी कार्ड कधी मिळालंच नव्हतं. आम्हाला वाटलं, अवघड आहे. पण पंचनामा पूर्ण वाचला. दुसऱ्या पानावर मृताजवळ सापडलेल्या वस्तूंची यादी होती. चप्पल एक, जेवणाचा डबा एक, फावडं एक, आणि अंगात नारिंगी चमकपट्टीचं जॅकेट. रात्री दीड वाजता फावडं घेऊन नारिंगी जॅकेट घालून कोण रूळ ओलांडतं?

अर्ज ठाण्याच्या कामगार न्यायालयात दाखल झालाय. वर मोठ्या कंत्राटदाराचं आणि रेल्वेचंही नाव आहे. अर्जदार म्हणून ताई, दोन मुलं आणि सासूबाई, चौघंही एकाच अर्जावर. सोबतच्या एका मजुराचा पत्ता नंदुरबारकडं लागला, तो साक्षीला यायला तयार आहे, फक्त गाडीभाडं मागतो. ते गटानं जमवलंय. स्टॅम्प पेपरही दाखल केला, अंगठ्याची जागा कोरीच आहे. पुढच्या तारखेला सासूबाई स्वतः येणार म्हणतात.